नाताळला शाळेतल्या स्टाफला काही द्यावं का? हातात १२०० रुपये, माणसं ११

सुई_दोरा (जालना), ९ डिसेंबर २०२५, रात्री ११.२०

डोकं चालेना झालंय म्हणून विचारायले.

मुलगी तिसरीत, बारकं एलकेजीत, दोघं एकाच कॉन्व्हेंटमध्ये. नवरा सळईच्या कारखान्यात. मी घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. दरवर्षी परतूरकडच्या शेतातल्या सोयाबीनचे चार पैसे दिवाळीनंतर हातात यायचे, त्यात लेकरांचे स्वेटर आणि फीचा दुसरा हप्ता निघायचा. यंदा सप्टेंबरच्या पावसानं रानात गुडघाभर पाणी उभं राहिलं. जे निघालं ते काळं पडलेलं. हमीभाव ५३२८ आहे म्हणे. मोंढ्यात व्यापाऱ्यानं आमच्या पोत्यात हात घातला आणि तोंडच वाकडं केलं.

तर मुद्दा. मुलीच्या वर्गाच्या मम्मींच्या ग्रुपवर मेसेज पडला: नाताळनिमित्त क्लास टीचरला ‘छोटीशी भेट’, प्रत्येकी ५००, खाली क्यूआर कोड. बारक्याच्या ग्रुपवर ३००. म्हणजे ८०० इथंच गेले. मी या कामासाठी ओढूनताणून १२०० काढू शकते, ते बी शिलाईच्या डब्यातले. वर गंमत अशी की ज्यानं पैसे भरले त्याच्या नावापुढं हिरवी खूण. आज रात्रीपर्यंत ३८ पैकी २९ जणींपुढं खूण आहे. माझं नाव यादीत मधोमध आहे, त्यामुळं ते दातातल्या फटीसारखं दिसतंय.

मी बोटांवर मोजलं, लेकरांचा ज्यांच्याशी रोज संबंध येतो अशी ११ माणसं आहेत. दोन क्लास टीचर, एलकेजीच्या हेल्पर मॅडम, दोघी मावशी, गेटवरचे काका, व्हॅनवाले काका, ऑफिसातले क्लार्क, संगीताचे सर, लायब्ररीच्या मॅडम आणि प्रिन्सिपल सिस्टर.

यातल्या एका मावशीचं सांगते. जुलैत बारक्याचं पोट बिघडलं आणि वर्गातच झालं. मावशीनं त्याला धुतलं, चड्डी धुऊन पंख्याखाली वाळवली आणि परत घातली. मला ना फोन, ना डायरीत ओळ. घरी आल्यावर चड्डी उलटी दिसली म्हणून मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं. अशा मावशीसाठी कुठलाच ग्रुप नाही, क्यूआर नाही.

आणखी एक. ‘नाताळ त्यांचा सण म्हणून द्यायचं’ असं सगळ्या म्हणायल्यात. पण मुलीच्या क्लास टीचर मंठ्याच्या, त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात. त्यांना नाताळची भेट कशापायी? दिवाळीत तर कुणी काही दिलं नाही, शाळेला सुट्ट्या होत्या.

नवरा म्हणतो, फी भरतो ना आपण. सासूबाई म्हणतात, गुरुजीपुढं रिकाम्या हातानं जाऊ नये. मी मधे.

औशाची_वहिनी (लातूर), १० डिसेंबर

ताई, ५०० भरू नका. ‘मी माझ्या परीनं वेगळं देते’ एवढंच लिहा आणि फोन उलटा ठेवा. कारण अजिबात सांगू नका. कारण सांगितलं की समोरची समजूत काढायला येती. मी एकदा नणंदेच्या लग्नाचं कारण सांगितलं, तर एकीनं माझे पैसे परस्पर भरून टाकले, ‘द्या सावकाश’ म्हणली. ते फेडेपर्यंत मला गेटवर तिच्यापुढून जायची चोरी.

आमच्याकडं येळवस, म्हणजे अमावास्येला रानात पूजा करून जेवायचा सण, यंदा १९ तारखेला आहे. मागं एकदा मी पोराच्या मॅडम आणि मावशींना रानात जेवायला नेलं. भज्जी, आंबील, उंडे, खीर. घरच्या तीस-चाळीस माणसांचं रांधलेलंच असतं, त्यात चार पानं वाढली तर कुणाला कळतंय? मॅडम पुण्याकडच्या, आंबील पहिल्यांदाच प्यायल्या. दोन तांबे प्यायल्या आणि दुपारभर आंब्याखाली झोपल्या! अजून भेटल्या की त्या झोपेचा विषय काढतात. तुमच्याकडं येळवस नसेल तर हुरड्याला बोलवा.

अॅडमिन_बाई (नांदेड), १० डिसेंबर

शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते, कारण ती क्यूआर पाठवणारी बाई आमच्या वर्गात मी आहे.

पैसे गोळा करायची पद्धत का निघाली ते सांगते. आधी जी ती आपापलं द्यायची. कुणी साडी, कुणी पेन, कुणी काहीच नाही, आणि ते सगळं वर्गात लेकरांसमोर. माझी मुलगी पेनवाली होती. साडीवालीनं तिला दिवसभर ऐकवलं. म्हणून म्हटलं, एकत्र करू, नावच नको. कल्पना वाईट नव्हती हो. वाईट आहे ती खूण, आणि आकडा ठरवणं. ते मला दोन वर्षांनी कळलं.

आता आम्ही एक जाड खाकी पाकीट फिरवतो. त्यात कुणी पन्नास टाकतं, कुणी हजार. यादी करत नाही. गेल्या वर्षी ९६५० निघाले. टीचरसाठी एक शाल घेतली, बाकी मावशी आणि वॉचमनला रोख दिले. यातही एकीनं तोंड फुगवलंच, ‘टीचरच्या नावाचे पैसे मावशीला कसे?’ म्हणाली. असो.

तुमच्या अॅडमिनला खासगीत फोन करा. ग्रुपवर बोललात तर तिला मागं यायला जागा राहणार नाही.

निवृत्त_गुरुजी (परभणी जिल्हा), १० डिसेंबर

जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढली. आम्हा लोकांना वर्तणूक नियम असतात, भेटवस्तू घेण्यावर त्यात बंधन आहे. खासगी विनाअनुदानित शाळेचं मला नीट ठाऊक नाही. तेव्हा आधी डायरीची शेवटची पानं वाचा. बऱ्याच शाळा तिथं ‘भेटवस्तू आणू नयेत’ असं छापून मोकळ्या होतात आणि ते पान कुणी उघडत नाही.

१९९४ ची गोष्ट. एका म्हातारीनं पदरात ओल्या शेंगा बांधून आणल्या. तिचा नातू गणितात कच्चा, परीक्षा आठवड्यावर. म्हणाली, ‘पास करा म्हणत न्हाई, खावा.’ आता ती खरंच तसं म्हणत नव्हती. पण मला त्या शेंगा घशाखाली उतरेनात. शेवटी वर्गाच्या मागं पालापाचोळा पेटवला, त्यात शेंगा भाजल्या आणि सगळ्या पोरांना वाटल्या. नातवानं सगळ्यांत जास्त खाल्ल्या.

मार्क देणाऱ्याला परीक्षेच्या तोंडावर देऊ नये एवढं मी पाळतो. मावशी, वॉचमन यांच्या हातात मार्क नाहीत. त्यांना कधीही द्या.

सुई_दोरा (जालना), ११ डिसेंबर

डायरी वाचली. तसं काही छापलेलं नाही, फक्त ‘वाढदिवसाला केक आणू नये’ आहे.

वहिनी, हुरड्याचं मनात आलं होतं. पण रान वापशावरच उशिरा आलं, ज्वारी उशिरानं पेरली. हुरडा संक्रांतीच्या आधी काही होत नाही.

अॅडमिनबाई, तुमचं वाचून आमच्या अॅडमिनवरचा राग निम्मा गेला. निम्मा आहे अजून.

छावणीतली_टीचर (छत्रपती संभाजीनगर), ११ डिसेंबर

मी ख्रिस्ती आहे आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, त्यामुळं दोन्हीकडून बोलू शकते.

आधी सणाचं. आमच्या घरी नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळे. केकचा नंबर त्यानंतर. तुमची दिवाळी उरकली की आमच्या कढया चुलीवर चढतात. आणि नाताळच्या आधीचे चार आठवडे आमच्यात आगमनकाळ असतो. त्यात आपल्यापेक्षा ज्याला कमी आहे त्याच्याकडं बघायचं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. टीचरला मिक्सर द्या असं कुणी शिकवलं नव्हतं! तुमच्या महालक्ष्मीवाल्या मॅडमना नाताळची शुभेच्छा द्या, त्यांनाही आठ दिवस सुट्टी मिळतेच की.

सिस्टरांना एकटीला म्हणून वस्तू देऊ नका. त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं. मिळालेलं सगळं मठाचं होतं, स्वतःचं असं काही ठेवत नाहीत. खायचं काही दिलंत तर सगळ्या मिळून खातात.

आता टीचरचं. माझ्याकडं ‘बेस्ट टीचर’ लिहिलेले १७ मग आहेत. एकात कोथिंबीर लावली आहे, दोन शेजारणीला दिले. मी जपून काय ठेवलंय सांगू? एका वडलांची चार ओळींची चिठ्ठी. मोसंबीच्या आडतीची पट्टी असते ना, तिच्या पाठीमागं लिहिलेली. ‘मुलगी आता मला पेपर वाचून दाखवते, मला वाचायला येत नव्हतं हे तिला मी सांगितलं नव्हतं.’ चिठ्ठी त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली होती, खाली अंगठा होता.

व्हॅनवाल्याचा_पोरगा (बीड), १२ डिसेंबर

माझे वडील शाळेची व्हॅन चालवतात. दरवर्षी सोनपापडीचे आठ-दहा डबे येतात, आम्ही सोनपापडी बघितली की पळतो. राग मानू नका. व्हॅनचे पैसे पाच तारखेच्या आत दिले तर त्यांना तीच दिवाळी आणि तोच नाताळ. डिझेलवाला थांबत नाही.

सुई_दोरा (जालना), १२ डिसेंबर

भाऊ, तुझं वाचलं आणि कपाट उघडलं. नोव्हेंबरचे १६०० अजून माझ्याकडंच आहेत. काका एका शब्दानं बोलले नाहीत. उद्या देते.

सुई_दोरा (जालना), २४ डिसेंबर, दुपारी ४.०५

ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना हिशेब द्यायला आले.

अॅडमिनला फोन केला. पाकिटाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘कल्पना छान आहे, पण आता बाकी सगळ्यांनी दिलेत ना.’ मी २०० पाठवले. माझ्या नावापुढं खूण आली आणि खुणेपुढं कंसात २०० बी आले. दोन दिवस ग्रुप उघडला नाही. बारक्याच्या ग्रुपवर वहिनींचं वाक्य जसंच्या तसं टाकलं आणि फोन उलटा ठेवला. तिथं कुणी काही बोललं नाही.

दोन किलो शेंगदाणे, दीड किलो गूळ, सगळं मिळून ३७० रुपये. लाडू मी आणि सासूबाईंनी वळले. गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजचे उरलेले तुकडे माझ्याकडं गोणीभर आहेत, त्यांच्या डब्याच्या पिशव्या शिवल्या. आतून सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचं अस्तर. एका पिशवीला पैठणीचा काठ निघाला, ती मी मुद्दाम मावशीसाठी बाजूला काढली. मुलीनं प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लिहिली. संगीताच्या सरांचं नाव तिला माहीतच नव्हतं, ‘पेटीवाले सर’ लिहिलं.

दोघी मावशींना पिशवीत लाडू आणि २०० – २०० रुपये. त्या चड्डीवाल्या मावशीच्या हातात पिशवी दिली तर ती आधी म्हणाली, ‘काय काम होतं बाई?’ मी म्हटलं काही नाही. तिला पटेना. पिशवी हातात धरून ‘कुणाची अॅडमिशन हाय का, मी क्लार्कला सांगते’ म्हणाली. मग मी जुलैचं सांगितलं. तिला आठवतच नव्हतं. म्हणे, रोज एक-दोन असतातच.

गेटवरच्या काकांनी पिशवी नाकारली, ‘बायकी दिसती.’ लाडू रुमालात बांधून घेतले. सिस्टरांना डबाभर दिले, त्यांनी मोजले आणि ‘आम्ही सहा जणी, बरोबर दोन-दोन येतात’ म्हणाल्या. व्हॅनकाकांना नोव्हेंबर आणि डिसेंबरचे दोन्ही दिले. डिसेंबरचे सिलेंडरच्या पैशातून, पण तो आमचा आम्ही बघू. भेटीचे १२०० मधले २३० उरले, ते डब्यात परत.

आता खरी अडचण. तिसरीच्या मॅडमनी पिशवी उलटसुलट करून बघितली, शिवण ओढून बघितली आणि विचारलं, ‘ब्लाऊज किती दिवसांत देता?’ आज सुट्टी लागली तर दुपारी घरी येऊन चार कापडं टाकून गेल्या. संक्रांतीच्या आधी पाहिजेत. दोन अस्तराचे, एक कटोरी. शिलाई मी बोलले नाही, त्यांनी विचारली नाही. नवरा म्हणतो, मॅडमकडून कसे घेतेस पैसे, लेकरू त्यांच्या हाताखाली आहे. आता हे बी सांगा.

निवृत्त_गुरुजी (परभणी जिल्हा), २४ डिसेंबर

घ्या. न घेणं म्हणजे शिलाईएवढी भेट देण्यासारखंच आहे, आणि सहामाहीनंतर वार्षिक येतेच.

औशाची_वहिनी (लातूर), २४ डिसेंबर

पूर्ण घ्या ताई. अस्तराचे वेगळे.