प्रतिसाद: आधी डेटाबेस नीट करा

घणसोलीतल्या क्लाससाठी प्रवेश-अर्ज आणि फीच्या नोंदींची साइट करायचीय, त्यासाठी पीएचपी घ्यावं की नोड (दोन्ही साइटचा सर्व्हरवरचा भाग लिहायची साधनं), असं तुम्ही विचारलंय. वर बहुतेकांनी नोड आणि व्हीपीएस सुचवलंय. मला नाही पटत. व्हीपीएस म्हणजे भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर, म्हणजे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं तुमच्याच गळ्यात. एका क्लासच्या कामाला पीएचपी, मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि साधं शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट, देखभाल कंपनीकडे) पुरतं. फक्त कोरं पीएचपी लिहीत बसू नका, लारावेल हा पीएचपीचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क) घ्या.

डेटाबेस मात्र पहिल्या दिवसापासून यूटीएफ८एमबी४ (utf8mb4, अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच ठेवा. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरी त्यात मावते, पण इमोजीला ४ लागतात. एखाद्या पालकाने अर्जात हात जोडलेला इमोजी टाकला (टाकतातच!) की एकतर एरर येते, नाहीतर पुढचा मजकूर गळतो.

सर्व्हर कुठे आहे ते विचारून घ्या. आपल्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं असली तरी स्वस्त प्लॅनचा सर्व्हर अमेरिकेत असू शकतो, मग अंतरामुळे साइट हळू उघडू शकते. दर बघताना पहिल्या वर्षाचा नको, नूतनीकरणाचा बघा. एसएसएलला (साइट https वर सुरक्षित चालवणारं प्रमाणपत्र) वेगळे पैसे कशाला, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट मिळतं. आणि डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर घ्या, साइट बनवणाऱ्याच्या नको.