मच्छरदाण्या घरोघर दिल्या पण रात्री लावतच नाहीत, काय करावं?

रानपाखरू: आमच्या गटाने गावात औषधवाल्या मच्छरदाण्या वाटल्या, सगळ्यांनी हौसेने घेतल्या. महिन्याने रात्री घरं फिरून बघितली तर बऱ्याच ठिकाणी घडीही मोडलेली नाही, "पाहुण्यांसाठी ठेवलीय" म्हणतात. एका घरी लावलेली होती पण आत कर्ता माणूस एकटा, आणि बाळंतीण दोन लेकरं घेऊन शेजारी उघड्यावर! डास चावून मलेरिया होतो हे सगळ्यांना पाठ आहे, मग अडतंय कुठे?

सांजवात: ताई, झोपायची जागा बघा आधी. उकाड्यात माणसं अंगणात झोपतात, तिथे दोरी बांधायला काहीच नसतं. आणि घरात एकच खोली असली की रोज रात्री बांधा, सकाळी सोडा, हे सगळं बाईच्याच अंगावर, दिवसभर राबल्यावर कोण करणार? आम्ही खाटेच्या चारही पायांना काठ्या बांधून दिल्या, घरात खुंट्या कायमच्या ठोकल्या, सकाळी जाळी गुंडाळून नुसती वर टाकायची. लगेच फरक पडला.

मातीतला: अजून एक, नवीन जाळीतल्या औषधाने एखाद्याचा चेहरा चुरचुरतो आणि ती गोष्ट गावभर होते, मग कोणी हात लावत नाही. म्हणून आधी एक दिवस सावलीत पसरून ठेवायला सांगा. धुतली तरी वाळवायची सावलीतच, उन्हाने औषधाचा जोर जातो. काही समाजांत पांढरी जाळी कफनासारखी वाटते म्हणून नको असते, तेही विचारून बघा, लोक आपणहून बोलत नाहीत.

निशिगंध: त्या बाळंतिणीबद्दल वाचून पोटात तुटलं. तिला समजावून उपयोग नाही हो, ठरवणारी ती नाहीच. सासूला आणि नवऱ्याला बसवा. गरोदरपणी मलेरिया झाला तर आईचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं होतं, पाच वर्षांखालच्या लेकरांच्या तर जिवावर बेततं, हे त्यांना स्पष्ट सांगा. त्याची काढून घेऊ नका, दुसरी द्या, दोन माणसांमागे एक असाच हिशोब धरतात. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाचे जेवढे रुग्ण टळले त्यातले अंदाजे ६८ टक्के या जाळ्यांमुळे, पण माणूस आत झोपला तर ना!

रानपाखरू: सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही वाटताना घरात माणसं किती एवढंच लिहून घेतलं, कोण कुठे झोपतं ते विचारलंच नाही. आज संध्याकाळी त्याच घरी जातेय, सासूबाईंशीच बोलते. खुंट्या आणि दोरी सोबत घेतलीय.