मदत हवी आहे : गुदाशयाचा कर्करोग, दोन सर्जनांची दोन मते

नमस्कार. माझ्या सासऱ्यांना (आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ६७, मुक्काम नौपाडा, ठाणे) गुदाशयाचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) कर्करोग असल्याचे गेल्या महिन्यात कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीवरून निश्चित झाले. शस्त्रक्रियेबाबत दोन सर्जनांनी दोन वेगळे मार्ग सुचवले आहेत. ज्यांनी स्वतःसाठी किंवा घरच्या माणसासाठी असा निर्णय घेतला आहे त्यांचा अनुभव आणि येथील डॉक्टर सदस्यांचे मत समजावे, म्हणून हा धागा काढत आहे.

एमआरआयच्या अहवालानुसार गाठीची खालची कड गुदद्वारापासून सुमारे ४ सेंटिमीटरवर आहे. गाठ आतड्याच्या स्नायूचा थर ओलांडून भोवतालच्या चरबीत शिरली आहे (टी ३) आणि शेजारच्या काही लसीकाग्रंथी संशयास्पद आहेत. मात्र मलावर ताबा ठेवणारा स्नायू मोकळा दिसतो. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसांत काही आढळलेले नाही. मधुमेह जुना आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे.

आधी रेडिएशन आणि किमो, मग शस्त्रक्रिया, इथपर्यंत दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. त्यानंतर ठाण्याच्या सर्जनांच्या मते गुदाशय, गुदद्वार आणि तो स्नायू असे सगळे काढून पोटावर कायमची कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून मल पिशवीत घेणे) करावी. नवी मुंबईतील सर्जन म्हणतात की आताच ठरवू नका. रेडिएशननंतर काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करू, गाठ पुरेशी आक्रसली असेल तर गुदाशय काढून आतडे खाली गुदद्वाराशी जोडू आणि जोड भरून येईपर्यंत तात्पुरती इलिओस्टोमी (तसेच, पण लहान आतड्याचे तोंड) ठेवू.

सगळी अडचण त्या ४ सेंटिमीटरची आहे, असे मला वाचनातून आणि दोघांच्या बोलण्यातून समजले. गुदमार्गाची (गुदाशयापासून गुदद्वारापर्यंतच्या नळीची) लांबीच जवळपास तेवढी असते, म्हणजे गाठ त्या स्नायूच्या वरच्या टोकाशी येऊन टेकलेली आहे. गाठीखाली किमान १ सेंटिमीटर निरोगी भाग सोडून कापायचे म्हटले, तर स्नायूचा काही अंश जाण्याची शक्यता राहते. बाजूची कड याहूनही महत्त्वाची, असे नवी मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सांगितले. गुदाशयाभोवतीची चरबी तिच्या पातळ आवरणासकट अखंड निघाली पाहिजे. इंग्लंडमधील बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडल्यानंतर त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण बरेच घटले. कायमच्या कोलोस्टोमीची शस्त्रक्रिया त्याहून जुनी, १९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी वर्णिलेली. परंतु जुनी म्हणून ती मागासलेली ठरत नाही, आणि आमच्या नातेवाइकांनी ‘पिशवी सांगणारा डॉक्टर बदला’ असा जो धोशा लावला आहे तो मला पटत नाही.

याचे कारण असे की नैसर्गिक मार्ग वाचणे आणि तो नीट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतक्या खाली जोड दिल्यावर अनेकांना दिवसातून पुष्कळ वेळा, कधी लागोपाठ, शौचाला जावे लागते, घाई होते, रात्री कपडे खराब होतात. रेडिएशनमुळे यात भर पडते. नानांचे पोट बिघडले की त्यांना आताच धरवत नाही. शिवाय जोड सुटून गळती होण्याचा धोका आहेच. इलिओस्टोमी तात्पुरती असली तरी तिच्यातून पातळ मल सतत जातो आणि शरीरातील पाणी व क्षार कमी होतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ते सांभाळणे सोपे नसावे.

तिसरीही एक शक्यता आहे. रेडिएशन आणि किमोने गाठ पूर्णपणे विरघळली, तर शस्त्रक्रिया न करता काटेकोर नजर ठेवायची. साओ पावलोच्या अँजेलिता हाबर-गामा यांनी २००४ मध्ये अशा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. मात्र त्यासाठी पहिली दोन-तीन वर्षे दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय चुकवून चालत नाही, आणि नानांचा स्वभाव पाहता ते बरे वाटू लागताच टाळाटाळ करतील.

नाना स्वतः फारसे बोलत नाहीत. स्टोमा (पोटावर काढलेले आतड्याचे तोंड) सांभाळायला शिकवणाऱ्या नर्सने त्यांना बसवून, उभे करून, पुढे वाकायला लावून पोटावर पेनने खूण कुठे करतात ते दाखवले. बेंबी, पोटाची घडी आणि लेंग्याची नाडी आवळली जाते ती रेघ, हे सारे टाळून ती जागा निवडतात. तेव्हा त्यांनी एकच विचारले, नाडी पिशवीच्या वर बांधायची की खाली?

ज्यांच्या घरी इतक्या खालचा जोड झाला आहे त्यांनी कृपया सांगावे की इलिओस्टोमी बंद केल्यानंतर वर्षभराने परिस्थिती कशी होती, माणूस ठाण्याहून दादरपर्यंत लोकलने निर्धास्त जाऊ शकतो का. कायमची कोलोस्टोमी असणाऱ्यांकडून रोजची देखभाल, पिशव्यांचा मासिक खर्च आणि मांडी घालून बसणे याविषयी कळले तर नानांना वाचून दाखवता येईल. डॉक्टर सदस्यांना विचारायचे आहे की रेडिएशनपूर्वी स्नायूच्या ताकदीची मोजणी करून घ्यावी का, आणि रोबोटने शस्त्रक्रिया केल्यास लघवीच्या व लैंगिक कार्याच्या नसा वाचण्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा खरोखर फरक पडतो का. आमच्या विमा पॉलिसीत रोबोटसाठी वेगळी मर्यादा आहे, म्हणून हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही.

रेडिएशनसाठी सुमारे पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज पनवेल लोकलने खारघरला जावे लागेल. तेवढ्या काळासाठी खारघर किंवा बेलापूर परिसरात तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली खोली कोणाला माहीत असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवावे. चूर्णे आणि काढे मात्र कृपया सुचवू नयेत.