बिको आणि झिन्योकाचा दवाखाना
कोठडीत मृत्यू आला नसता तर दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांच्या आत्मभान चळवळीचे नेते स्टीव्ह बिको हे विद्यापीठीय वर्तुळापुरतेच विचारवंत राहिले असते, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. 1973 मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांच्यावर निर्बंध घालून त्यांना किंग विल्यम्स टाउन या गावापुरतेच मर्यादित ठेवले. एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलण्याचीही त्यांना मुभा नव्हती. तरीही 1975 मध्ये जवळच्या झिन्योका येथे, बिको ज्या संस्थेसाठी काम करत त्या ब्लॅक कम्युनिटी प्रोग्राम्समार्फत, झानेम्पिलो हा दवाखाना उभा राहिला. तेथे डॉ. मांफेला राम्फेले प्रमुख होत्या आणि बाळंतपणाचीही सोय होती. व्याख्यानांपेक्षा सरकारला हेच अधिक खुपले असावे, कारण बिकोंच्या मृत्यूनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, 19 ऑक्टोबर 1977 रोजी, त्या संस्थेवरही बंदी आली.