आईच्या उशाशी काढलेले दिवस कॅनडा का मोजत नाही?

नाशिकची लेक:
कॅनडाच्या पीआर (कायमस्वरूपी रहिवासी) कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर जात नाही. पण विमानात बसायला कार्ड लागतं, नाहीतर पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट. मुंबईच्या काउंटरवरून मला परत फिरावं लागलं. आता त्या कागदासाठी अर्ज करायचा, म्हणजे अधिकारी गेल्या ५ वर्षांचा हिशेब काढणार. कॅनडात राहिल्याचे ७३० दिवस लागतात, माझे भरतात ६१२.

आईला अर्धांगवायू झाला आणि मी एकुलती एक. नवरा कॅनडाचा नागरिक असता आणि त्याच्यासोबत परदेशात राहिले असते, तर ते दिवस धरले असते. कॅनडातल्या कंपनीने पूर्णवेळ कामावर इकडे पाठवलं असतं, तरी धरले असते. मग आईला भरवण्यात, तिची कूस बदलण्यात गेलेले का नाहीत? कायद्याने ते मोजायलाच हवेत.

कॅल्गरीकर:
ताई, वाईट वाटतं, पण मत पटत नाही. ५ वर्षांत २ वर्षं राहा म्हणजे ३ वर्षं बाहेर राहायची मुभाच आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डवाला री-एन्ट्री परमिट (परत येण्याचा परवाना) न काढता सलग वर्षभर बाहेर राहिला, तर त्या कार्डावर परत येता येत नाही. पीआर स्थायिक होण्यासाठी देतात. आजारी आईवडील आपल्यापैकी कोणाला नाहीत? ते दिवस धरले तर अट उरतेच कुठे? तुम्ही २०१७ ला आलात ना? १,०९५ दिवस भरल्यावर नागरिकत्व का घेतलं नाही?

नाशिकची लेक:
निफाडच्या शेतीसाठी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाच्या कार्डावर) वारसाने जमीन मिळते, पण बांधालगतचा तुकडा विकत घेता येत नाही.

कॅल्गरीकर:
मग तो तुमचा निर्णय होता. त्याची किंमत कॅनडाने का मोजावी?

ब्रॅम्प्टनचा दादा:
मला खटकतं ते वेगळंच. १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षं झाली. कॅनडात तो गुन्हा शाबीत झाला की नुसता दंड होऊनही पीआरवाला 'गंभीर गुन्हेगारी'खाली इनॲडमिसिबल (देशात राहायला अपात्र) ठरू शकतो. ते मला मान्य आहे, त्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला. पण दिवस कमी पडले की आईची सेवा करणारीलाही तोच 'इनॲडमिसिबल' शब्द लागतो. कलमं वेगळी असतील, पण दर्जा दोघांचाही जातो.

हॅलिफॅक्सची सून:
दादा, कायदा इतका आंधळा नाही. मानवतेच्या कारणांवर अधिकारी कमी दिवस माफ करू शकतो. ताई, दवाखान्याची फाइल, फिजिओथेरपीच्या पावत्या, दुसरं भावंड नसल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं अर्जासोबतच लावा. नकार आला तर ६० दिवसांत अपील. गेल्या ३६५ दिवसांत एकदा जरी कॅनडात पाऊल ठेवलं असेल, तर अपील चालू असताना परतायला ट्रॅव्हल डॉक्युमेंट द्यावंच लागतं.

काही जण अमेरिकेतून खासगी गाडीने जायला सांगतील. पीआरवाल्याला सीमेवर आत घेतात हे खरं, पण तिथेच दिवसांबद्दल अहवाल लिहिला जाऊ शकतो, शिवाय अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि दिवस फुगवून लिहू नका. खोटी माहिती पकडली गेली तर ५ वर्षांची बंदी येते.

कॅल्गरीकर:
माफीची ही सोय असावी, हे मलाही मान्य. सरसकट मोजणी नको, एवढंच.

नाशिकची लेक:
कॅल्गरीकर, सोय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. मला हक्क हवा, आणि ते मी बोलत राहणार. हॅलिफॅक्सच्या ताई, कॅनडातून निघाल्याला १० महिने झाले, म्हणजे ३६५ दिवसांतले दोनच महिने उरलेत. ६१२ आहेत तर ६१२ च लिहीन. अर्ज याच आठवड्यात जाईल, फाइल काढायला उद्या दवाखान्यात जाते.