जुळ्यांना फिरायला न्यायचं ते एकत्र की एकेकाला?

रानजाई, पुणे
आमची जुळी, एक मुलगा एक मुलगी, दीड वर्षाची झाली. माझं मत सरळ आहे: रोजच्या फिरण्याला दर वेळी दोघांना जोडीनं नेऊ नये. दोघं बरोबर असली की आपण फिरायला जात नाही, राखणीला जातो. सारसबागेत शिरलो की लेक तळ्याकडे धावते आणि चिरंजीव उलट्या दिशेला, भेळेच्या वासावर. तीच लेक एकटी असली की मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसते, एकेका मुंगीला "ये ये" करते, हलायचं नाव घेत नाही. भाऊ असताना तिला ही चैन नाही, कारण मी त्याच्यामागे पळत असते. जुळ्यांना अख्खी आई कधी मिळतच नाही हो. आणि लोकांचं "जुळी का? मोठं कोण?" टळतं, हा वरकड फायदा.

दोघांची_आई, डोंबिवली
वाचायला छान आहे. पण एकाला नेलं तर दुसऱ्याला ठेवू कुणाकडे? नवरा लोकलनं लटकत रात्री घरी येतो. सासूबाईंचे गुडघे धरलेत. मागे राहिलेलं पोर दाराशी असं भोकाड पसरतं की मजल्यावरचे बाहेर येतात.
आणि मजा म्हणाल तर ती दोघांत जास्त. राणीच्या बागेत (बुधवारी बंद असते, उगाच खेटा मारू नका) आमच्या थोरल्यानं पेंग्विनच्या काचेवर नाक दाबलं. धाकटा ते चपटं नाक बघून हसत सुटला, मग त्यानंही दाबलं. पेंग्विनकडे दोघांनीही ढुंकून पाहिलं नाही. एकटा असता तर दोन मिनिटांत "कडेवर घे" झालं असतं.

आजोबा_सदाशिव
डोंबिवलीच्या सूनबाईंशी सहमत. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, 1956 ची. आम्ही भावंडं तिच्यात दाटीवाटीनं बसायचो, एकेकाला वेगळं नेणं आमच्या आईला सुचलंही नसतं. गाडी चालू आहे का ते आधी विचारा आणि दोघांना समोरासमोर बसवा.

खडकवासला_बाबा
आजोबा, तुमच्या आईच्या हाताशी काकू-आत्या होत्या, आमच्याकडे फक्त जुळ्यांची ढकलगाडी. शेजारी-शेजारी बसायची घेतली. बागेच्या दाराशी दुचाक्या अडवायला नागमोडी कठडे असतात, तिथे ती शिरत नाही. मग एक पोर काखेत, एक खांद्यावर आणि घडी केलेली गाडी वॉचमनच्या हवाली.
विमानातही दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेता येतं, पण एका मोठ्या माणसामागे एकच. एका मांडीला एकच पोर झेपतं, हे विमानवाल्यांनी केव्हाच मान्य केलंय. मी रानजाईताईंच्या बाजूनं.

दोघांची_आई, डोंबिवली
एसटीत पाच वर्षांखाली तिकीट नाही, म्हणून आम्ही एसटीनं गावी जातो. दोन्ही पोरं माझ्याच मांडीवर. झेपतंय की!

खडकवासला_बाबा
पाय बधिर होत नाहीत?

दोघांची_आई, डोंबिवली
पनवेलच्या आधीच होतात.

रानजाई, पुणे
लग्नकार्य, गाव, राणीची बाग, सगळं जोडीनंच करा, माझी ना नाही. मी म्हणतेय ते संध्याकाळच्या तासाभराचं. भाजी आणायला जाताना एकाला घेऊन जायचं, एवढंच. परवा मुलगा एकटा होता, भाजीवालीनं त्याच्या हातात मटाराची शेंग दिली. ती सोलून एकेक दाणा तो मला भरवत राहिला. दोघं असती तर शेंगेवरून जुंपली असती.

आजोबा_सदाशिव
दोन शेंगा मागायच्या.

रानजाई, पुणे
आजोबा, दोन दिल्या तरी दुसऱ्याच्या हातातलीच हवी असते! डोंबिवलीताई, तुमच्याकडे एखादी मावशी, शेजारीण, तासाभरापुरती?

दोघांची_आई, डोंबिवली
मावशी अमेरिकेत, शेजारणीला स्वतःची दोन. तुम्हीच या रविवारी. एक तुम्ही घ्या, एक मी घेते. कुठलं घ्यायचं ते मी ठरवणार.