मिळून प्रोग्रॅमिंग शिकताना काय काय घडलं? अनुभव सांगा

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, शेवटी धागा काढतेय. टेक टॉक, मीटअप, सुट्टीच्या दिवशीचा स्टडी ग्रुप, ऑफिस सुटल्यावर चौघांनी बसून संपवलेला कोर्स, काहीही चालेल, पण तिथे नक्की काय घडलं ते लिहा. कोणती भाषा आधी शिकावी याच्या याद्या भरपूर मिळतात, त्या नकोत. प्रसंग हवेत.

माझ्यापासून सुरुवात करते. मी हिशेबाच्या कामातली, कोडिंगशी काही संबंध नव्हता. घरी एकटीने पायथन शिकायला बसायचे आणि एरर आली की पहिली ओळ वाचायचे, ती कळायची नाही, मग लॅपटॉप मिटून टाकायचे. असे तीन महिने गेले. मग एका मैत्रिणीच्या आग्रहाने एका टॉकला गेले तर बोलणाऱ्या ताईंचा डेमो सगळ्यांसमोर बंद पडला. त्या गडबडल्या नाहीत, एरर मोठ्याने वाचायला लागल्या, आणि सुरुवात केली ती तळापासून. म्हणाल्या, पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर छापून येणाऱ्या सगळ्या ओळी, खालून वर वाचायचा, काय बिघडलंय ते शेवटच्या ओळीत असतं आणि कुठे बिघडलंय ते तिच्या वर. फाइलचं नाव चुकलं होतं, बस एवढंच. पुस्तकात हे लिहिलेलं असेलही, पण जाणकार माणूस अडकल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करतो हे समोर बसल्यावरच दिसतं. त्या दिवसापासून मी एररला घाबरत नाही.

तुमचं सांगा.

*

छान धागा. आमच्या ग्रुपमधली एक संध्याकाळ सांगतो.

स्ट्रिंग (प्रोग्रॅममधला मजकूर) शिकत होतो, एकाने हौसेने 'नमस्ते' लिहून लांबी मोजली तर उत्तर आलं ६. आता आपण म्हणताना तीनच अक्षरं म्हणतो, न, म, स्ते. उलटं छापून बघितलं तर सुरुवातीलाच एक सुटी मात्रा लटकत होती, तिच्याखाली अक्षरच नाही. सगळे म्हणाले बग आहे. आमच्यात एक निवृत्त मराठीच्या बाई यायच्या, नातवाला शिकवता यावं म्हणून, एरवी फारसं बोलायच्या नाहीत. त्या उठल्या आणि फळ्यावर शब्द फोडून दाखवला: न, म, स, हलन्त, त, एकाराची मात्रा. मोजा म्हणाल्या. सहा! कॉम्प्युटर बरोबरच मोजत होता, तो कोड पॉइंट (एकेका चिन्हाचा ठरलेला क्रमांक) मोजत होता आणि आपण अक्षरं.

मग पुढचा तास त्यातच गेला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरीच्या मुख्य ब्लॉकला १२८ जागा आहेत, यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक साठवायच्या पद्धतीत) त्यातल्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे आपला 'नमस्ते' १८ बाइटचा. आणि कर्सर कुठे थांबावा, जोडाक्षर कुठे तुटू नये याचे वेगळे नियम असतात, जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम तर युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ साली १५.१ आवृत्तीत आला. इतका उशिरा! आमच्यातल्या दोघांनी तेव्हापासून मराठी मजकुराचंच काम हातात घेतलंय. व्याकरण येणारा माणूस आणि कोड येणारा माणूस एका खोलीत नसते तर आम्ही ते बग म्हणून सोडून पुढे गेलो असतो.

*

मला जरा कडू अनुभव लिहायचाय, चालेल ना?

पहिल्या ग्रुपमध्ये मी दोनदाच गेले. कोणी वाईट वागलं नाही, पण काही विचारलं की आधी 'अगं हे तर सोपंय' आणि लगेच 'दे इकडे, मी करतो' म्हणून लॅपटॉप ओढून घ्यायचे. दोन मिनिटांत प्रोग्रॅम चालू, आणि मी होते तिथेच. वर्षभर परत कुठे गेले नाही, वाटलं आपलंच डोकं चालत नाही.

दुसऱ्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी नियम सांगितला, शिकवणाऱ्याने समोरच्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं. एवढंच. माझ्या बाजूला बसलेला मुलगा माझा फंक्शनमधला (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यातला) रिटर्न, म्हणजे उत्तर परत द्यायची ओळ, राहिलाय हे बघत होता, दिसत होतं की त्याला सांगायचंय, पण तो म्हणाला, 'ताई, हे फंक्शन परत काय देतंय ते छापून बघा ना.' छापलं तर 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) आलं. मग मला कळलं आणि मीच लिहिलं. तो रिटर्न मी अजून विसरलेली नाही. ग्रुप चालवणाऱ्यांनी कृपया हा नियम करा, मनापासून सांगतेय.

*

वरच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन.

मी ऐकणाऱ्याचा बोलणारा झालो त्याबद्दल लिहितो. लायटनिंग टॉक होता, पाचच मिनिटं, विषय गिट बायसेक्ट (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, त्यातली एकेक नोंद म्हणजे कमिट). कोड कुठल्या कमिटला बिघडला हे शोधायला दरवेळी मधला कमिट तपासायचा आणि अर्धे बाद करायचे, म्हणजे १००० कमिट असले तरी साधारण १० तपासण्यांत सापडतो. मी ते रोज वापरायचो, तरी पाच मिनिटांच्या तयारीला चार संध्याकाळी गेल्या, कारण वापरता येणं वेगळं आणि नवख्याला कळेल असं सांगणं वेगळं. टॉक झाल्यावर पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, 'मधला कमिट बिल्डच झाला नाही तर?' मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं, आणि स्क्रीन चालू होतीच म्हणून सगळ्यांसमोर मॅन्युअल उघडलं. तिनेच शोधून काढलं, 'बायसेक्ट स्किप' म्हणायचं, तो कमिट सोडून गिट आजूबाजूचा दुसरा देतो. पुढच्या महिन्यात टॉक तिने दिला.

*

छोटंसंच. दोघं मिळून पायथनमध्ये एक फंक्शन लिहीत होतो, डीफॉल्ट म्हणून (बोलावताना काही दिलं नाही तर वापरायला) रिकामी लिस्ट दिलेली, आणि दुसऱ्यांदा बोलावलं की आधीचा माल त्यात शिल्लक! ती लिस्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनते, दरवेळी नवी नाही, हे मी दहा वेळा वाचलेलं. मैत्रिणीला समजावून सांगताना पहिल्यांदा खरं कळलं.

*

तीन वर्षं ग्रुप चालवतोय, त्या बाजूने लिहितो. सुरुवातीला चाळीस जण आले, चौथ्या महिन्यात सहा. आम्ही मोठमोठे विषय ठेवायचो, लोक ऐकून जायचे, परत यायचे नाहीत. मग टॉक अर्ध्या तासावर आणला आणि आधी एक तास फक्त 'आज कोणाचं काय अडलंय?' यासाठी ठेवला. कोणीतरी आपला न चालणारा कोड पडद्यावर लावतो आणि सगळे मिळून सोडवतो. आता वीसएक जण नेमाने येतात, आणि माझं ठाम मत झालंय की मोठ्या वक्त्यापेक्षा हा एक तास ग्रुप टिकवतो. फक्त एक काळजी घ्या, पहिले दोन-तीन वेळा जुन्या लोकांनीच आपला अडलेला कोड लावायचा. नवा माणूस आधी नाही लावत.

*

हे ऑनलाइन जमतं का विचाराल तर जमतं, आम्ही पाच गावांतले पाच जण करतो. टाइप एकजण करतो, बाकीचे सांगतात, दर दहा मिनिटांनी माणूस बदलतो. बदलताना कोड चालत असो वा नसो, कमिट करून पुश करायचाच (सगळ्यांच्या सामायिक जागेवर चढवायचाच), पुढचा तिथून पुल करतो (उतरवून घेतो). अर्धवट कोड दुसऱ्याच्या हाती द्यायची सवय व्हायला आम्हाला महिना लागला. गजर लावून ठेवा, नाहीतर टाइप करणारा सोडत नाही.